बाटली कुणी भरली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीला मुक्कामाला येते. पुढे काटेवाडीला परीटबांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी आणि आमचं इंदापूर. या दोन तालुक्यांत लहानाचा मोठा झालेला माणूस, कुठल्याही जातीधर्माचा असो, वर्षाचा हिशेब पालखीवरून करतो. पेरणी पालखीच्या आधी उरकली की नंतर, पोर पालखीच्या आधी झालं की मागून, असंच आमच्याही घरात बोललं जाई.

लाखो माणसं एका रात्रीपुरती गावात येतात, तेव्हा त्यांना सगळ्यात आधी लागतं पाणी. आमच्या मोहल्ल्यात मशिदीच्या मागे एक विहीर आहे. मोहरमात आम्ही सबील लावतो, म्हणजे पाणपोई. पण माझ्या लहानपणापासून ती आषाढातही लागे. चार रांजण, त्यांना ओली फडकी, आणि बाकावर बसून तांब्याने पाणी वाढणारे आमचे थोरले चाचा. वारकऱ्यांच्या ओंजळीत पाणी ओतताना ते "माउली" म्हणत, आणि ती माउलीही त्यांना "माउली" म्हणे. या गोष्टीचं कुणाला कौतुक नव्हतं, कारण त्यात कुणाला वेगळं काही दिसतच नव्हतं.

१९९१ सालची गोष्ट. पालखीच्या आधी निरोप आला की, ज्यांना वारकऱ्यांना पाणी द्यायचं आहे त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी तपासून दाखला आणावा. निरोप चुकीचा नव्हता. पटकीची आठवण असलेली माणसं तेव्हा गावात होती. टोचून घेतल्याशिवाय पंढरपुरात सोडत नसत, हे आजोबांच्या तोंडून मी अनेकदा ऐकलं होतं. मी त्या वर्षी बारामतीत बी.ए. संपवून आलो होतो. मोरोपंतांच्या गावात शिकून आलेला पोरगा म्हणून मोहल्ल्यात माझा भाव वधारला होता. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलाला पाण्यातलं काय कळणार, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मलाही नाही.

मी काय केलं ते सांगतो. शीतपेयाची एक रिकामी काचेची बाटली घेतली. ती राखेने घासली, नळाखाली तीनदा विसळली, सदऱ्याच्या टोकाने तोंड पुसलं. पोहऱ्याने पाणी काढून बाटलीत ओतलं. तिला झाकण नव्हतं, म्हणून वर्तमानपत्राचा बोळा कोंबला आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधली. दुपारच्या एस.टी.ने पुण्याला निघालो. पोचेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती. रात्री नातेवाइकांकडे राहिलो, बाटली खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती एका खिडकीवर दिली. खिडकीपलीकडच्या माणसाने ती घेतली, एका कागदावर नंबर टाकला आणि आठवड्याने यायला सांगितलं. बाटली कुठली, पाणी कधी काढलं, कुणी काढलं, यातलं त्याने काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

आठवड्याने दाखला मिळाला. त्यावर एकच ओळ महत्त्वाची होती : पिण्यास अयोग्य.

त्या वर्षी सबील लागली नाही. चाचा बाकावर आपले नुसतेच बसून राहिले. रिकामे रांजण पालथे घातलेले होते. "पानी कू क्या हुवा रे बेटा?" एवढंच त्यांनी मला विचारलं. आम्ही सगळे तेच पाणी पीत होतो, वजू त्याच पाण्याने करत होतो, पण दाखल्यावर शिक्का होता. दोन-चार दिवसांत "त्यांच्या विहिरीचं पाणी" असा एक शब्दप्रयोग बाजारात ऐकू आला. कुणी मुद्दाम वाईट बोललं असं नाही. पण कालपर्यंत ती मशिदीमागची विहीर होती, आता ती "त्यांची" झाली होती. पुढच्या वर्षी नगरपालिकेच्या नळाचं पाणी भरून सबील पुन्हा लागली. चाचांनी मात्र नंतर कधी तांब्या हातात घेतला नाही. ते गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

या सगळ्याकडे मी नव्याने पाहिलं ते एका माणसाबद्दल वाचताना. वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळे नाव आपल्या कानावरून गेलेलं असतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने या रशियातल्या ज्यू शास्त्रज्ञाला बोलावलं. पटकीवरची लस त्याने त्याआधीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातला एक बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर त्याने काम सुरू केलं आणि १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस सगळ्यात आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला प्लेगची प्रयोगशाळा उभी राहिली. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल नावाच्या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना ती एकाच बाटलीतून मिळाली होती. बाटलीचा क्रमांक ५३ एन. हे एकोणीसही जण धनुर्वाताने मेले. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्यांपैकी कुणालाही काही झालं नाही.

आता प्रश्न एकच होता. धनुर्वाताचं विष बाटलीत शिरलं कुठे? परळला बाटली भरताना, की मुल्कोवालला ती उघडताना? चौकशी आयोग बसला आणि त्याने परळच्या बाजूने बोट दाखवलं. हाफकिनने लस निर्जंतुक ठेवण्याच्या पद्धतीत बदल केला होता, कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हाही त्याचा दोष ठरला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उष्णतेची ही पद्धत वापरात होती, याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्याला पदावरून दूर केलं गेलं. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावरच्या खोट्या खटल्याचा गाजावाजा तेव्हा ताजा होता. हाफकिनच्या प्रकरणाला लोक "छोटं ड्रायफस प्रकरण" म्हणू लागले ते त्यामुळे.

आणि खरी गोष्ट काय होती? गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवला आणि त्याच चिमट्याने ५३ एन बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे जिवाणू मातीतच असतात. त्यांचे बीजाणू असल्या बुडवण्याने मरत नाहीत, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. ही बाब आयोगाच्या कागदपत्रांतच होती. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. हिवतापाचं कोडं सोडवणाऱ्या रोनाल्ड रॉसने आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या "टाइम्स"मध्ये पत्र लिहून हाफकिनवरचा आरोप खोडून काढला. हाफकिन सुटला, पण परळला परतला नाही, त्याला कलकत्त्याची जागा मिळाली. परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

मुल्कोवालच्या गोष्टीतलं मला जे लागलं ते हे की, गावात शिरलेल्या दोषासाठी प्रयोगशाळा बदनाम झाली. माझ्या गोष्टीत ते उलटं झालं होतं. दोष बहुधा माझ्या बाटलीत होता, पण नाव खराब झालं विहिरीचं. फरक एवढाच की ५३ एनला क्रमांक होता, ती कधी भरली याची नोंद होती, उघडणाऱ्या माणसाची साक्ष होती. म्हणून पाच वर्षांनी का होईना, खरं काढता आलं. माझ्या बाटलीची नोंदच नव्हती. १९९१ च्या जूनमध्ये मशिदीमागच्या विहिरीचं पाणी चांगलं होतं की वाईट, हे आता कुणालाही, कधीही सांगता येणार नाही. ते वाईटही असेल. पावसाळ्याच्या तोंडाची उघडी विहीर. पण मी नेलेल्या त्या बाटलीवरून ते ठरत नव्हतं.

हे मला समजावून सांगितलं ते कॉलेजातल्या एका मित्राने. तो सायन्सचा होता आणि पुढे पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत लागला. २००७ साली मी त्याच्याकडे एक पूर्ण दिवस बसून होतो. माझी कहाणी ऐकून तो आधी हसला, मग गप्प झाला. म्हणाला, "बाटली ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली हवी. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला बोटसुद्धा लागता कामा नये. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतं आणि घाण पाणी स्वच्छ दिसतं. नमुना बर्फाच्या पेटीतून आणायचा आणि काही तासांत कामाला घ्यायचा, फार तर चोवीस तास. तुझ्या बाटलीत त्या रात्री जिवाणू वाढलेही असतील, मेलेही असतील. जो आकडा आला तो बाटलीचा होता. विहिरीचा नव्हे."

पाण्यातले जिवाणू तपासतात कसे, ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचा एकेक जंतू किंवा विषाणू शोधत बसत नाहीत. माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात कोट्यवधींनी राहणारा एक जिवाणू शोधतात, ई. कोलाय. थिओडोर एशेरिश नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याची नोंद केली. तो स्वतः बहुधा निरुपद्रवी असतो. पण तो पाण्यात सापडला याचा अर्थ विष्ठा पाण्यात मिसळली, आणि विष्ठा आली म्हणजे तिच्याबरोबर काहीही येऊ शकतं. गावात अनोळखी पाऊल उमटलं तर माणूस दिसला नाही तरी आपण सावध होतो, तसंच. जांभळ्या द्रावणाच्या नळ्या ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीत आणखी एक इवलीशी उलटी नळी. जिवाणू असले तर द्रावण पिवळं पडतं आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा साठतो. किती नळ्या पिवळ्या पडल्या यावरून शंभर मिलिलिटरमागे संभाव्य संख्या तक्त्यात पाहून काढतात. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आय.एस. १०५००, पहिल्यांदा १९८३ मध्ये आलं, मग १९९१ आणि २०१२ मध्ये सुधारलं गेलं. ई. कोलायबाबत त्याचं म्हणणं साधं आहे : शंभर मिलिलिटरच्या कुठल्याही नमुन्यात एकही नको. पाण्याला "थोडं घाण" चालत नाही.

त्या दिवशी दुपारी दोनला वीज गेली. भारनियमनाची वर्षं होती ती, आपल्या सगळ्यांना आठवतात. इन्क्युबेटरचा काटा ३७ अंशांवरून हळूहळू खाली येऊ लागला. वीज सहाला आली. मित्राने त्या दिवशीच्या सगळ्या नळ्या बाद केल्या आणि नमुने पुन्हा मागवण्याची चिठ्ठी लिहिली. मी म्हटलं, चार तासांनी काय बिघडतं? तो म्हणाला, "बिघडलं की नाही तेच तर मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून सही करत नाही." त्याचे वरिष्ठ रागावले, कारण महिन्याचं उद्दिष्ट हुकलं. त्याला बाकी कुणी शाबासकी दिल्याचं मी ऐकलं नाही.

प्रयोगशाळेला मानांकन देणं म्हणजे या मित्राच्या सवयीला नियमाचं रूप देणं. ही कल्पना युद्धातून आली. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या ध्यानात आलं की, दारूगोळा बनवता येतो, पण तो योग्य आहे असं सांगणाऱ्या तपासणीवर विसंबता येत नाही. १९४७ मध्ये तिथे प्रयोगशाळांचीच तपासणी करणारी संघटना निघाली. पुढे जगाने मिळून नियम केले. १९९९ पासून त्यांना आयएसओ/आयईसी १७०२५ म्हणतात, २००५ आणि २०१७ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. आपल्याकडे हे काम १९८० च्या दशकात केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने सुरू केलं. त्यातून प्रयोगशाळांना प्रत्यायन देणारं राष्ट्रीय मंडळ आकाराला आलं, सगळे ज्याला एनएबीएल म्हणतात ते. नोव्हेंबर २००० मध्ये भारत या बाबतीतल्या जागतिक करारात सामील झाला. म्हणजे इथल्या मानांकित प्रयोगशाळेचा दाखला तिकडे चालू लागला.

नियमांची भाषा रुक्ष आहे. कवी म्हणून मी ती वाचू गेलो आणि दोनदा झोपलो. पण तिच्यामागचे प्रश्न रुक्ष नाहीत. तुझा थर्मामीटर खरं बोलतो हे तुला कुणी सांगितलं? नमुना तुझ्या हातात येईपर्यंत कुणाकुणाच्या हातातून गेला? ज्यात काहीच नाही हे माहीत आहे असं निर्जंतुक पाणी त्याच नळ्यांत घालून पाहिलंस का? आणि ज्यात जिवाणू आहेत हे माहीत आहे ते घातल्यावर ते सापडले का? दोन माणसांनी एकच नमुना तपासला तर उत्तर किती जवळ येतं? बाहेरून न कळवता ठरवलेलं, आत काय आहे ते न सांगितलेलं पाणी येतं आणि ओळखून दाखवावं लागतं. परीक्षकाचीच परीक्षा. आणि चूक झाली तर ती खोडायची नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आम्ही कवी तर खाडाखोड केलेला कागद आधी फाडतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मानांकन इमारतीला मिळत नाही. ते एकेका तपासणीला मिळतं. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांच्यासाठी मानांकित असलेली प्रयोगशाळा जिवाणूंच्या तपासणीसाठी मानांकित असेलच असं नाही. दाखल्यावरचा शिक्का पाहून भागत नाही, तो कुठल्या तपासणीवर आहे हे पाहावं लागतं. रसायन उद्यापर्यंत बहुतेक तसंच राहतं. जिवाणू जिवंत असतो, त्याचा मोजमापाला भरवसा देणं अवघड, म्हणून जिवाणूंचं काम जास्त कटकटीचं.

आता आमच्या भागातली एक विसंगती सांगतो. इंदापूर तालुक्यात बोरीसारखी द्राक्षांची गावं आहेत. तिथला माल युरोपात जातो. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि युरोपात माल अडला. त्यानंतर लगेच व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासण्यांवर देखरेख करणारी संदर्भ प्रयोगशाळा झालं, २००६ पासून बागेची नोंदणी संगणकावर आली, आणि नमुना मानांकित प्रयोगशाळेतूनच तपासून घ्यायचा असं ठरलं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या रसायनावरून पुन्हा माल अडला, तेव्हा बागायतदारांचं मोठं नुकसान झालं. पण त्यातूनही तपासणीची यादी वाढली, सैल झाली नाही. आज आमच्याकडचा बागायतदार "लॅबचा रिपोर्ट", "रेसिड्यू", "नमुन्याचं सील" हे शब्द खुरपं-पाटी म्हणावं तसे बोलतो. नमुना घ्यायला बागेत दुसराच माणूस येतो, मालकाने स्वतः घड तोडून दिला तर चालत नाही, हे त्याला पाठ आहे.

मी त्याला नावं ठेवत नाही, घामाचा पैसा आहे त्याचा. पण त्याच बागेच्या कडेला हापसा होता, त्याचं पाणी पिणाऱ्या मजुराच्या पोरासाठी हे सगळं कुणी मागितलं नाही. हॉलंडमधल्या गिऱ्हाइकाला घड नाकारता येतो. हापशावरच्या बाईला पाणी नाकारता येत नाही. पाण्याला मानांकन उशिरा का आलं, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे.

काहीच नव्हतं असंही म्हणता येणार नाही. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती काढली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी, तिच्यावर पाणी ओतायचं, ऊबदार जागी ठेवायचं. पाणी काळं पडलं तर विष्ठेचं दूषण असल्याची शंका. ना प्रयोगशाळा, ना वीज. ती जगभर गेली. आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना पाण्याच्या व्यवस्थेवरून लाल, पिवळी, हिरवी कार्डं मिळतात. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतो, ओटीचा थेंब टाकून पाणी पिवळं होतं का ते पाहतो. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. पण तपासणाऱ्याला तपासण्याचा आग्रह गावाच्या पाण्यापर्यंत जोराने पोचला तो २०१९ मध्ये जल जीवन मिशन आल्यावर. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा, गावातल्या पाच बायकांच्या हाती तपासणीचा संच, प्रयोगशाळा सामान्य माणसालाही खुल्या, आणि त्या प्रयोगशाळांनी मानांकन मिळवावं हा आग्रह. द्राक्षांनंतर सोळा वर्षांनी.

आमच्या भागात या पाण्याचं गणित सोपं नाही. बारामतीला नीरेचा डावा कालवा, ब्रिटिश काळातला. इंदापूरच्या कडेला भीमेवरचं उजनी, १९८० मध्ये पुरं झालेलं. भिगवणला रोहित पक्षी पाहायला लोक येतात, फोटो काढतात. पण मुळा-मुठेतून वाहत आलेलं पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणीही त्याच फुगवट्यात येतं. ते पाणी खाली सोलापूरही पितं. इथे दाखला खरा की खोटा, हा कागदाचा प्रश्न राहत नाही.

आणि खरा दाखलाही सगळं सांगत नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात गियां-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले. हातापायांतली ताकद जाते असा तो आजार. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस, आणि संशय पाण्यावर गेला. नेहमीच्या नळ्यांत यातलं काही दिसत नाही. माझा मित्र आता निवृत्तीला आला आहे. तो म्हणाला, "पाऊल दिसलं नाही म्हणजे कुणी आलंच नाही असं नव्हे. पण आपण पाऊल बघतो तेवढं तरी नीट बघावं."

गेल्या वर्षी पालखीच्या आधी आमच्या मोहल्ल्यात एक मुलगी नमुने घ्यायला आली. मशिदीमागच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, पाणी वापरायला घेतात. प्यायला नळ आहे. तरी विहीर तिच्या यादीत होती. मी उगाचच पुढे झालो आणि म्हटलं, आणा, मी पोहऱ्याने काढून देतो. ती "नको" म्हणाली. तिने पेटीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढली. बाटलीला दोरी आणि वजन बांधलेलं होतं. हात पुसले, झाकण काढलं आणि तोंड खाली करून बोटांत तसंच धरून ठेवलं, कुठे टेकवलं नाही. बाटली काठाला न घासता खाली सोडली, भरून वर घेतली, थोडं पाणी ओतून वरची जागा रिकामी ठेवली, झाकण लावलं. मग फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहू लागली. ठिकाण. स्रोत. वेळ, सकाळी सात दहा. पाऊस काल झाला होता का, असं तिने मला विचारलं. झाला होता, असं मी सांगितलं. तेही तिने लिहिलं.

नमुना कुणी घेतला, असा एक रकाना होता. तिथे तिने स्वतःचं नाव लिहिलं, सही केली, बाटली बर्फात ठेवली आणि पुढच्या विहिरीकडे निघाली.